टोपीवरून भविष्य

"पप्पा, काडतुसात किती दाब होतो ते तुम्हाला कळतं तरी कसं?"

मारिटनं हे बंदूक क्लबच्या पॅनकेक-नाश्त्याला, भर पंगतीत विचारलं. "हिंमत असेल तर विचारून दाखव!" अशी मैत्रिणींची पैज होती. मोंटानातल्या त्या गावात पप्पांच्या, म्हणजे ऑरिन टोलेफसनच्या, काडतुसांवर शंका घेणं म्हणजे पाद्रीबाबांना बायबल वाचलंय का विचारणं!

पण आज दुपारी पप्पा आजोबांची दांडगी रायफल उडवणार होते. काडतुसं घरी भरलेली, आणि मापाच्या पुस्तकात दिलंय त्याहून दारू जराशी जास्तच. रायफल फुटली तर?

"टोपी सांगते!" पप्पा खुशीत आले. "उडालेल्या काडतुसाच्या बुडाची टोपी चपटी झाली की दाब जास्त, गोल राहिली की कमी. गाडीतली माझी रिकामी काडतुसं आण. काही दुकानातली आहेत, काही माझी कडक, म्हणजे जास्त दाबाची. वेगळी करून दाखवतो."

मारिट पिशवी घेऊन धावत आली, अडखळली, आणि सगळी काडतुसं मेपलच्या पाकात!

"बिघडलं नाही काही." पप्पांनी चष्मा चढवला. "हे दुकानातलं, मऊ. हे माझं, कडक. पण अजून चिमूटभर दारू आरामात सोसेल."

"सोसेल?" शेजारचे एल्मरकाका उसळले. "अरे, हे तर फुटता फुटता राहिलंय! आणि ते मऊ म्हणतोस, तेही कडकच."

"काका, आधी डोळ्यांवरचा पाक पुसा!"

"तू मला शिकवतोस? तुझ्या बापाला टोपी वाचायला मी शिकवलं!"

बघता बघता सगळं टेबल भविष्य सांगायला लागलं. चिकट बोटांनी ढीग इकडचे तिकडे होत होते. शेवटी पप्पांनी टेबलावर मूठ आपटली. "चुकलो तर दाढी उतरवीन!"

तेवढ्यात आई कॉफी घेऊन आली. "अगंबाई! माझी काडतुसं पाकात कुणी बुडवली?"

"तुझी?"

"मग! काल त्याच रायफलीतून मी उडवली ती. सगळी दुकानातली, एकाच खोक्यातली. तुमची सीटखाली डब्यात आहेत."

एल्मरकाकांनी अख्खा पॅनकेक तोंडात कोंबला. पप्पांचा हात हळूच दाढीवर गेला. दारातून मैत्रिणींच्या शिट्ट्या ऐकू आल्या, तशी मारिट थेट खुर्चीवर चढली.

"पप्पा, आई, ऐका! आज रायफल उडणार नाही. भरलेलं एकेक काडतूस आपण परत उघडायचं. यापुढे दारू पुस्तकाबरहुकूम, आणि तराजू माझ्या ताब्यात. दाढीचं आई बघेल!"