निवृत्तीचा कान

साहेबाची पोरगी चौथ्या वर्षी बुटाची नाडी आपली आपण बांधते, ही बातमी गोरक्षराव बोरस्ते यांनी देवळाली कॅम्पातून घरी आणली आणि घरातली शांतता गेली. गोरक्षराव कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होते. साहेबाच्या मडमेकडे विलायतेहून आलेलं एक पुस्तक होतं आणि कोणत्या वयाच्या मुलाला काय आलं पाहिजे, ते त्यात छापलं होतं म्हणे. पाच वर्षांच्या मुलाने एका पायावर उभं राहावं, दहापर्यंत मोजावं, अंगरख्याच्या गुंड्या लावाव्यात, नाव-गाव खणखणीत सांगावं आणि खाऊ वाटून खावा. गोरक्षरावांचा निवृत्ती पाच वर्षांचा होता. एका पायावर उभा राहा म्हटलं, की तो विचारी, मग दुसरा कुठे ठेवू? नाव विचारलं की आईच्या पदरात तोंड खुपसून बसे.

पण मुलाला शाळेत घ्यायचं तर नाशकात विलायती पुस्तकाचं काम नव्हतं. पोराची जन्मतारीख मुळात ठाऊक कुणाला असायची? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल बिगरीत बसायला लायक. नाही आला, तर पुढच्या दसऱ्याला या. इथेच घोडं पेंड खात होतं. निवृत्तीचं डोकं बोरस्त्यांच्या घराण्यावर गेलेलं, म्हणजे ऐसपैस, आणि हात मैनाबाईंच्या माहेरावर, म्हणजे आखूड. बोटं कानाच्या अलीकडेच थांबत.

हे नुसतं पोराच्या शिक्षणाचं असतं तर गोरक्षरावांनी वर्षभर दम धरला असता. पण चांदवडला त्यांचे साडू राहत होते, कारभारी. कांद्याचे शेतकरी, अंगठेबहाद्दर. त्यांचा मुलगा निवृत्तीहून लहान, तरी गेल्याच वर्षी शाळेत गेला होता. "पोरगं हुशार हाय, आमच्यावर नाय गेलं," असं कारभारी जाईल तिथे सांगत सुटले होते. ते बायकोला घेऊन दसऱ्याला नाशकात येणार होते. त्यांच्यापुढे मान खाली घालायची, या विचाराने गोरक्षरावांना अन्न गोड लागेना. मैनाबाईंचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. आणखी वर्षभर हे पोरगं घरात राहिलं, तर मीच बिगरीत जाऊन बसेन, असं त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

मग हात लांबवण्याचे उपाय सुरू झाले. रोज तिळाच्या तेलाने हात चोळून झाला. पोराला दारावरच्या आडव्या दांडीला लोंबकळत ठेवून झालं. त्यात दांडी तेवढी सुटून आली. शेवटी बांगड्या भरायला आलेल्या जैतुनबींनी सुचवलं, की पोराचं डोकं भादरून टाका, केस गेले की तेवढीच वाट कमी. हे गोरक्षरावांना शास्त्रीय वाटलं. न्हाव्याने चकोट केला. बोटं थोडी पुढे सरकली खरी, पण कान लांबच राहिला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. मैनाबाई पुरण वाटत होत्या. शाळेत नाव घालायच्या मुहूर्ताला थोडाच अवकाश होता. गोरक्षरावांचा धीर सुटला. हाताचं सोड, युक्ती शीक, असं म्हणत त्यांनी पोराला धडा द्यायला घेतला. मान अशी वाकवायची, खांदा असा वर काढायचा आणि असा कान धरायचा. त्यांनी कान धरला. खांद्यात कट्‌कन वाजलं, आणि हात जो अडकला तो अडकलाच.

मैनाबाईंनी ओढून पाहिलं, तेल लावून पाहिलं. गोरक्षराव फक्त "आई गं" म्हणत. पोराला मी नेते, असं मैनाबाई म्हणाल्या. पण बायामाणसाचं हेडमास्तर ऐकायचे नाहीत, असं गोरक्षरावांचं मत होतं, आणि दुखण्यातही ते ठाम होतं. निवृत्ती पाटावर चढला, बापाने सकाळीच चढवलेल्या कोटाच्या गुंड्या त्याने वरपासून खालपर्यंत लावल्या, पायात जोडे सारले आणि बाप-लेक निघाले. गुंड्या कुणी लावल्या, हे गोरक्षरावांच्या ध्यानातही आलं नाही.

शाळेची वाट रामकुंडावरून होती. सिंहस्थाचं वर्ष. गोदावरीवर साधूंची ही गर्दी, त्यात वर्षानुवर्षं एक हात वर धरून राहिलेले हठयोगीही होते. बरोबर चकोट केलेला बालशिष्य आणि डोक्यावर हात धरलेला, डोळ्यांत पाणी आलेला पुरुष पाहून अक्काबाई नावाची एक म्हातारी थबकली आणि तिने रस्त्यातच लोटांगण घातलं. मी साधू नाही, असं सांगायला गोरक्षरावांनी तोंड उघडलं. खांद्यात कळ आली आणि तोंडातून "आई, आई" एवढंच निघालं. देवीचे भक्त दिसतात, असं अक्काबाईने मागच्यांना सांगितलं. मग हार आले, केळी आली, मागे माणसं लागली. निवृत्तीने केळी मोजली, दहा भरली. त्याने ती जवळच्यांना एकेक वाटली आणि शेवटच्या केळ्यातलं अर्धं बापाच्या तोंडात कोंबलं.

शाळेच्या दारात ही मिरवणूक पोचली तेव्हा हेडमास्तर छडी घेऊन बाहेर आले आणि समोर आपली आई पाहून त्यांनी छडी पाठीमागे लपवली. अक्काबाई हेडमास्तरांचीच आई निघाली.

"बघतोस काय? पाय धर महाराजांचे," अक्काबाई म्हणाली.

सगळ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या त्या माणसाने निमूटपणे देवळालीच्या कारकुनापुढे कपाळ टेकलं. आता तोंड उघडावं, असं गोरक्षरावांना वाटलं. पण जो आपल्या पायांवर डोकं ठेवतो, तो आपल्या पोराचा कान काय मोजणार? ते गप्प राहिले. हेडमास्तर उठले आणि त्यांनी शिष्याला अदबीने विचारलं, "बाळ, महाराज कुठले?"

घरात महिनाभर विचारून जे पोर पदरातून तोंड काढत नव्हतं, ते खणखणीत आवाजात म्हणालं, "माझं नाव निवृत्ती गोरक्ष बोरस्ते. राहणार पंचवटी. हे महाराज नाहीत, आमचे बाबा आहेत. मला कान धरायला शिकवत होते, तर हात अडकला."

गोरक्षरावांच्या मस्तकात तिडीक गेली. कार्ट्याच्या एक ठेवून द्यावी म्हणून त्यांनी हात उगारला, आणि उगारला तेव्हा कळलं, की हात सुटला.

अक्काबाईचे डोळे भरून आले. किती वर्षांचं व्रत, आणि या लेकराच्या एका शब्दाने हात खाली आला, असं म्हणत ती निवृत्तीच्या पायाशी वाकली. तिच्या मागे सगळे वाकले. उभे राहिले ते फक्त हेडमास्तर आणि गोरक्षराव. हेडमास्तरांना सगळं कळलं होतं. पण कपाळाला लागलेली धूळ आख्ख्या शाळेने पाहिली होती. त्यांनी ती हळूच पुसली.

"आत या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नाव लावून घेतो. कानाचं राहू द्या. आणि हे बाहेर बोलू नका."

घरी साडू येऊन बसलेच होते. गोरक्षरावांनी कोट काढला, ऐटीत बैठक मारली आणि निवृत्तीला शाळेत घेतल्याचं सांगितलं.

"मग कानाला हात पोचला म्हना," कारभारी म्हणाले.

"पोचला म्हणजे काय, पहिल्या झटक्यात पोचला."

"नाही पोचला," निवृत्ती म्हणाला.

गोरक्षरावांनी मान खाली घातली. वर्षभर ज्याची धास्ती घेतली होती, तेच झालं होतं. कारभारींनी त्यांच्याकडे पाहिलं, निवृत्तीच्या चकोट डोक्यावरून हात फिरवला आणि जरा जवळ सरकले.

"जाऊ द्या, पाव्हणं. तुमच्यापाशी काय लपवायचं. आमच्या पोराचा तरी कुठं पोचला व्हता? आदल्या सांजेला मास्तराच्या घरी कांद्याचं पोतं पोचलं, म्हनून जमलं."

गोरक्षरावांचा उजवा हात नकळत वर उचलला गेला आणि डोक्यावरून डाव्या कानाकडे निघाला. मैनाबाईंनी तो वाटेतच धरला.