बापूरावांचं मार्जिन

आमचे शेजारी बापूराव बोकडे स्वतःच्या मापाचा शर्ट कधीच घेत नाहीत. दोन नंबर मोठा घेतात. दहाच्या गाडीसाठी आठलाच स्टेशनवर हजर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मार्जिन पाहिजे गा!”

बापूराव परवानाधारक हौशी रेडिओवाले. त्यांचा जुनाट ट्रान्समीटर दिवाणखान्यात असतो आणि पाहुणे स्वयंपाकघरात बसतात. दर रविवारी सकाळी आठला ते रामटेकच्या नामदेवरावांशी बोलतात. चाळीस वर्षांची दोस्ती, विषय दोनच: तिकडचं धान आणि इकडचं ऊन. नामदेवरावांची नजर आता गेली आहे, कानही मंदावलेत. फोनवर त्यांना काही कळत नाही. हेडफोन लावला की मात्र खुलतात.

यंदा ट्रान्समीटरची मूळची बारीक घरघर इतकी वाढली की शब्दच बुडू लागले. ती घरघर गाळणारा कंडेन्सर सुकला होता; तो जितका मोठा, तितकी घरघर कमी. बापूराव मला सीताबर्डीच्या बाजारात रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेले. सोळा मायक्रोफॅरडचा हवा होता.

“बत्तीसचा दे,” बापूराव म्हणाले. “व्होल्टेजही वरचंच दे.”

“काका, सोळात भागते ना!” दुकानदार म्हणाला.

“भागते म्हणजे काय गा? मार्जिन पाहिजे!”

रविवारी ट्रान्समीटर इतका स्वच्छ बोलला की मीच टाळी वाजवली. पलीकडून नामदेवराव म्हणाले, “कोन बोलून राहिला गा?”

“मी बापू!”

“मजाक नको करू भाऊ. बापूच्या मागं घरघर असते.” मग आवाज पडला. “बापू गेला का? खरं सांग.”

बापूरावांनी जन्मभराच्या खुणा सांगितल्या. नामदेवराव एकच म्हणत राहिले, “हे तुले त्यानं सांगितलं असन.”

सोमवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात. बापूरावांनी या वेळी आठचा मागितला. दुकानदार बघतच राहिला.

“आठचा? अन् मार्जिन, काका?”

“थोडी घरघर राहिली पाहिजे,” ते खाली बघत म्हणाले.

पुढच्या रविवारी ट्रान्समीटर हलकासा घरघरला. बापूरावांनी हाक मारली.

“आला का गा बापू!” नामदेवराव जवळजवळ ओरडलेच. “कुठी होता? हप्ताभर जेवन गेलं नाही मले.”

बापूरावांनी बोलायचं बटण दाबलं, पण शब्द फुटेना. रामटेकला नुसती घरघर गेली असणार. शेवटी त्यांनी बटण सोडलं.

“हं,” नामदेवराव म्हणाले. “ऐकलं.”