भोसरीतल्या बोटीचा भोंगा

"भोंगा झाला की पाय आपसूक उठत्यात, पोरी. पोटाला कान असत्यात." कंपनीच्या गेटवर डबा घ्यायला आलेले रंगराव हसून म्हणायचे. लहानपणी ऐकलेला वडिलांचा तो आवाज विजयश्रीला आज सकाळीच आठवला. कारण तिनं जहाज खडकाकडं नेलं, भोंगा वाजला आणि खालच्या वर्कशॉपमधली लेथ मशिनं एकदम गप्प झाली.

जहाज पडद्यावरचं. भोसरीत समुद्र कुठला! खिडकीबाहेर लोखंडाचा कीस, पडद्यावर निळं निळं पाणी. सागरी नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं जहाज उथळ पाण्याकडं न्यायचं आणि धोक्याचा अलार्म वाजतो का ते बघायचं, हे तिचं काम. अलार्म वाजायचा. खोल पाण्यातही वाजायचा.

"ते आज बोलायचं नाही," तिचा साहेब समर्थ म्हणाला. "कॅप्टन सॉफ्टवेअर तपासायला येतायत. तोंड उघडलंस तर पर्मनंटचं विसर." वर त्यानं सकाळीच अलार्मला खराखुरा भोंगा जोडला होता. आणला शेजारच्या गल्लीतून. हुबेहूब खालच्या वर्कशॉपवाल्या बरकतभाईंच्या जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्यासारखा.

ग्रीसचे हात तसेच घेऊन बरकतभाई जिना चढून आले. "ताई, सकाळी सकाळी माझी पोरं डबे उघडून बसली! तुमची बोट बुडो न बुडो, माझी ऑर्डर बुडतेय!"

"भाई, आजचाच दिवस."

"आजच ट्रक भरायचाय!"

भोंगा पुन्हा झाला. डबे पुन्हा उघडले. तिसऱ्यांदा मात्र बरकतभाई स्टुलावर चढून ओरडले, "भोंगा ऐकून जो मशीन सोडेल, त्याचा ओव्हरटाइम बंद!"

दुपारी कॅप्टन दिग्विजय आले. गॅलरीत उभे राहिले. भोंगा कोकलला; खाली एक मान वर झाली नाही.

"सवय झालीय, सर," समर्थ कौतुकानं म्हणाला. "घाबरत नाहीत."

कॅप्टन हसले नाहीत.

तेवढ्यात खाली मागच्या मशिनच्या मोटारीतून धूर निघाला. बरकतभाईंनी धावत जाऊन स्वतःचा भोंगा दाबला, दाबूनच धरला. मशिनं चालूच. एकानं तर मान न वळवताच आवाज दिला, "ताई, जरा हळू चालवा बोट!"

"अरे, हा आपला हाय! पळा!" कुणी हलेना. शेवटी बरकतभाईंनी मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठं पोरं धूर बघून बाहेर धावली. मोटार तेवढी गेली; माणसं सुखरूप. गॅलरीकडं बघत बरकतभाई धापा टाकत म्हणाले, "साहेब, यांची बोट दिवसभर खोटं बोंबलते. आता खऱ्यालाही कोण विचारत नाही!"

कॅप्टन वळले. "मॅडम, उगाच वाजतो का हा?"

समर्थनं डोळे वटारले. विजयश्रीनं पदराशी चाळा करावा तसा माऊसच्या वायरीशी चाळा केला. ऑफिसातली भाषा घशातच राहिली आणि घरची बाहेर आली.

"व्हय, सर. खोल पाण्यातबी वाजतोय. आता तर वाजला तरी मीबी बघत न्हाई."