मोठी मागणी

दादा वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात कामाला होता. कडाक्याच्या थंडीत एके दिवशी तो स्वेटरमध्ये एक हात घालून फोनवर बोलत होता.

"हो साहेब, आज संध्याकाळी मोठी मागणी येणार. आपल्याला झेपेल. कमी पडलं तर शेजाऱ्यांकडून घेऊ. पण कुणाला नाही म्हणायचं नाही."

स्वयंपाकघरात त्याच्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या, हातातलं फडकं गळून पडलं. दादाच्या मुलीचं, म्हणजे तिच्या भाचीचं, लग्न जमत नव्हतं, त्याचा घोर भाचीपेक्षा आत्यालाच जास्त.

"दादा, तू निवांत जा," ती म्हणाली. "मी आहे ना."

पाहुणे थंडीने आखडू नयेत म्हणून तिने घरातले हीटर लावले. दादानेच सांगितलं होतं, म्हणून शेजाऱ्यांचेही मागून आणले. गिझर चालू, ओव्हनमध्ये केक, आणि पडद्यांवर इस्त्री. संध्याकाळ झाली तसा बाहेरच्या खांबावर 'फट्' आवाज झाला आणि अख्खी गल्ली काळोखात बुडाली.

दादाचा फोन आला. "आपल्याच गल्लीत मागणी कुणी वाढवली?"

"वाढवू कशी रे? पोरगी एकच आहे."

तेवढ्यात दारात बॅटरी घेतलेला तरुण दिसला. आत्याने लगबगीने त्याला खुर्ची दिली.

"तुमच्याकडे भार फार झालाय," तो म्हणाला.

"हाडापेराने थोराड आहे हो," आत्या दुखावली, "पण भार कसला?"

"आत्या, ते वायरमन आहेत," भाची हसू दाबत म्हणाली आणि त्याची बॅटरी धरायला खांबापर्यंत गेली. काम तसं लहान होतं, पण दोघांना परतायला बराच वेळ लागला. तोवर दादाने घरी येऊन आत्याला मागणी म्हणजे काय ते नीट समजावलं होतं.

पुढच्या आठवड्यात दादा घाईघाईने कामावर निघताना म्हणाला, "आज संध्याकाळी मागणी येणार आहे. तयारीत राहा."

आत्या आता शहाणी झाली होती. तिने हीटर, गिझर, दिवे, सगळं बंद केलं, शेजारणींनाही दम भरला आणि घोंगडी पांघरून अंधारात बसली.

दार वाजलं. बाहेर वायरमन उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि मागे त्याची आई.

"वीज गेलीय का?" त्याने विचारलं.

"गेली कुठे? मागणी येणार म्हणून बंद ठेवलीय," आत्या म्हणाली. "तुम्ही उद्या या."