तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ताई

रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याने ठरवलं, की घरातली वॉशिंग मशीन बिघडवायची. फार नाही. नळाकडून येणाऱ्या पाइपचा नट जरासा सैल करायचा, म्हणजे थेंब थेंब गळेल, बायको चिडेल आणि कंपनीला फोन करेल. एवढंच. (आजवर ज्यांचे ज्यांचे संसार बुडाले, त्यांनी आधी 'एवढंच' म्हटलेलं असतं.)

या वेडेपणामागे कारण होतं. याच मशीन बनवणाऱ्या कंपनीत तो तक्रारींचे फोन घ्यायचा. मशीन दुरुस्त करणं त्याला कधीच जमलं नाही; त्याला माणसं दुरुस्त करता यायची. तिकडून कुणी कितीही आरडाओरडा करो, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ताई," हे वाक्य तो इतक्या मायेने म्हणे, की ताई आधी गप्प होत आणि मग स्वतःच माफी मागत. ऑफिसात त्याला सगळे 'बर्फ' म्हणत, आणि या नावाचा त्याला मनापासून अभिमान होता.

मग साहेबांनी एआय आणला. बर्फाच्या जुन्या फोनांची सगळी रेकॉर्डिंग त्याला ऐकवली.

"तुमचाच आवाज, तुमचीच भाषा," साहेब कौतुकाने म्हणाले, "फक्त त्याला जेवणाची सुट्टी लागत नाही."

"आणि मी?"

"महिनाभर दोघेही फोन घ्या. गिऱ्हाईक ज्याला जास्त स्टार देतील, तो राहील. दुसऱ्याला आपण सुट्या भागांच्या गोदामात घेऊ." एआयला गोदामात कसं घेणार, हे साहेबांनी सांगितलं नाही.

महिना संपत आला, एआयचे स्टार पुढे गेले आणि बर्फ वितळू लागला. तेव्हा त्याला बायको आठवली. सोसायटीचा वॉचमन तिला नुसतं येताना पाहून न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायचा. ऑफिसातलं ते मायाळू वाक्य त्याने घरी एकदाच वापरून पाहिलं होतं. "तो ऑफिसचा आवाज घरात काढायचा नाही," असं उत्तर मिळालं होतं. जिच्यापुढे अस्सल माणसाने हात टेकले, तिच्यापुढे नक्कल काय टिकणार? सुट्टीच्या दिवशी सगळे फोन एआयच घ्यायचा. बायको त्याला सोलून काढेल, एक स्टार देईल, ते रेकॉर्डिंग साहेब ऐकतील आणि आपली खुर्ची वाचेल.

बायको आंघोळीला गेल्यावर त्याने पाना घेतला आणि नट जरासा फिरवला. काही झालं नाही. आणखी जरासा फिरवला. पाइप फटकन निसटला आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर गेली.

"अहो! काय झालं?" बायको ओल्या केसांनी धावत आली.

"गळतंय वाटतं," तो म्हणाला. स्वयंपाकघरातली पायपुसणी तोवर दिवाणखान्यापर्यंत पोहोचली होती.

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि पदर खोचला. तो भिंतीला टेकून मजा बघायला उभा राहिला.

"नमस्कार ताई. बोला, मी ऐकतोय," फोनमधून त्याचाच आवाज आला, पण इतका गोड, की बायकोने तो ओळखला नाही.

"काय ऐकताय? घराचं तळं झालंय! मशीन विकता की कारंजी?"

"तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ताई. आठवड्यातून एक सुट्टी मिळते आणि त्यात हे. दमला असाल."

बायको थबकली. "दमलेच आहे हो," ती म्हणाली. त्याने भिंत घट्ट धरली. लग्न झाल्यापासून असं 'हो' त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

"आधी मागचा नळ बंद करूया. घरात कुणी मदतीला आहे?"

"आहेत. भिंत धरून उभे आहेत."

"राहू द्या त्यांना. तुम्हालाच जमेल."

तिला जमलं. धार थांबली.

"आता नट बघा. तो आपोआप सुटत नाही, ताई. घरातल्या कुणीतरी हात लावला असणार. रागावू नका. बिचाऱ्यांना वाटतं, आपल्याला येतं."

हे वाक्यही त्याचंच होतं. गिऱ्हाईक बायकांना हसवायला तो ते वर्षानुवर्षं वापरत आला होता. बायकोही खळखळून हसली. मग तिने मागे वळून त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली.

तिने फोनला पाच स्टार दिले. नवऱ्याला काय दिलं, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

सोमवारी निकाल लागला. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं: एआय, स्टार, गोदाम. आणि बायकोचे डोळे चक्क पाणावले.

"माणसाचा आवाज काढून घेतात आणि माणसाला स्क्रू निवडायला बसवतात?" ती उसळली. "थांबा. आत्ता बघते एकेकाला!"

ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. काचेआडून तिचे हातवारे दिसत होते. आपल्यासाठी कुणीतरी असं भांडतंय, हे पाहून त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने तिच्यासाठी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत हातवारे कमी झाले. गाळेपर्यंत ती खुर्चीत बसली. मग काचेतून हसणं ऐकू आलं.

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा अगदी शांत होता.

"फोन कुणी घेतला?" त्याने धीर करून विचारलं.

"त्यानेच. आता सगळे फोन तोच घेतो ना. फार समजूतदार आहे हो. म्हणाला, माझं म्हणणं अगदी बरोबर आहे."

"आणि माझी नोकरी?"

"उद्यापासून गोदामात जा निमूटपणे," बायको चहाचा घोट घेत म्हणाली. "तुमचा स्वभाव सविस्तर सांगितला मी त्याला. तो म्हणाला, असा माणूस इतकी वर्षं लोकांशी बोलायला ठेवला, त्याबद्दल कंपनी माझी माफी मागते."