पहिल्या बाकावरचे टवलारे काका

अमरावतीतल्या आमच्या विशेष शाळेत पालकसभा असली, की पहिल्या बाकावर टवलारे काका हजर असतात. त्यांचं एकही मूल आमच्या शाळेत नाही! येताना बसमध्येच एखाद्या पालकाशी ओळख काढतात आणि त्याचे पाहुणे म्हणून आत शिरतात.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायला बडनेऱ्याला. काकू गेल्या. घरी चाळिशीचा मुलगा विलास, जन्मापासूनच मतिमंद. त्याचा विषय काढला की काका म्हणतात, "त्याचं शिकाचं वय गेलं जी, आता या लेकराईचं पाहू."

मी तिथली शिक्षिका. आमचे पालक अतिशय भिडस्त. मॅडम काहीही बोलल्या तरी "बरं हाये जी" म्हणून मोकळे. "प्रगती समाधानकारक आहे," असं मी म्हटलं रे म्हटलं, की पहिल्या बाकावरून हात वर येतो.

"समाधानकारक म्हंजे काय? मांगच्या सभेले येत नव्हतं, असं आता काय येते, तेवढं सांगा."

मग मला नीट सांगावंच लागतं. तेवढ्यात काका शेजारच्या पालकाला कोपरानं ढोसत असतात. "विचारा नं! पोट्टी तुमची हाये का माही?"

वलगावच्या नसीमबींची सना स्वतःच्या हातानं जेवायला शिकावी, असं आम्ही ठरवलं होतं. शाळेत ती जेवायची. घरी मात्र नुसता आ वासून बसायची. नसीमबी सभेत रडकुंडीला आल्या. "असं कावून होते, ते घरी जाऊनच पाहू," असं म्हणत काकांनी मलाही वलगावला ओढून नेलं.

कारण दारातूनच दिसलं. सनाभोवती अम्मी, फुफी आणि दादी, तिघीही घास घेऊन तयार. काकांनी हुकूम सोडला, "तिघीबी आपापले हात मांडीखाली घाला!"

"अरे भाई, बच्ची भूकी मर जाएगी!" दादी कळवळली, पण तिनंही हात घातले. सनानं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी कंटाळून तिनं दादीच्याच ताटातली मटणाची बोटी उचलली आणि खाल्ली. दादी हसता हसता रडायला लागली.

काका इतके खूश, की मला चहाला घरी घेऊन गेले. आम्हाला पाहताच विलास शर्ट अंगात अडकवून, बटणं उघडीच ठेवून पुढे आला; संध्याकाळी दोघं फिरायला जातात. वलगावची गंमत सांगता सांगता काका त्याची बटणं लावत होते. विलासनं सवयीनं हनुवटी वर केली. काकांची बोटं आता थरथरतात. शेवटचं बटण काही केल्या लागेना.

मी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"याच्या लहानपणी मी कोणालेच काही विचारलं नाही जी," ते हळूच म्हणाले. "आता रोज वाटते, मी गेल्यावर याची बटणं कोण लावून देईन?"

सभेत गरजणारा हा माणूस माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? या वयात येते का हो शिकता?"

"येतं, काका. वेळ लागेल, पण येतं."

काकांनी लावलेली सगळी बटणं एकेक करून सोडली आणि विलाससमोर खुर्ची ओढून बसले.