रूथबाईंनी पुढं सरकवलेलं ताट

रूथबाई कादंबरी वाचतात तेव्हा त्यातल्या बाईला शिव्या देतात. आमची भिंत एक, त्यामुळे सगळं ऐकू येतं. लग्न होऊन पांढुर्ण्यात नवीन आले तेव्हा एका दुपारी "दार नको उघडू, मूर्ख बाई!" असं ऐकलं आणि मी लाटणं घेऊन धावले. पाहते तर रूथबाई एकट्याच, मांडीवर पिवळं पडलेलं पुस्तक.

त्यांच्या वडिलांच्या पेटीतली जुनी ख्रिस्ती पुस्तकं ती. साऱ्यांची गोष्ट एकच. नवरा पितो, दुसरीकडे जातो, बायको प्रार्थना करते, तो परत येतो आणि ती माफ करते. "लिवणारे सारे बाप्येच," रूथबाई म्हणायच्या. "त्यायचं काय जाते?"

त्यांचा नवराही गेलेलाच होता, सौसरला, दुसरीबरोबर संसार करायला. रूथबाईंनी दवाखान्यात नर्सची नोकरी करून एकटीनं दिवस काढले. मोहल्ल्यात कोणी म्हटलं, "सोडा न बाई आता राग," की त्या सरळ उठून घरात जायच्या.

मागच्या थंडीत त्याला लकवा मारला. दुसरीनं गाडी करून त्याला रूथबाईंच्या ओट्यावर आणून टाकलं. मला वाटलं, आता ही बाई त्याला हाकलते. कशाचं काय! त्याला न्हाऊ घालतात, चमच्यानं पेज भरवतात. बोलत मात्र नाहीत. "सेवा करून राहिली मी," मला ठणकावून सांगितलं, "माफ नाही केलं."

एका रविवारी त्याला चर्चमध्ये न्यायचं होतं, म्हणून एक बाजू धरायला मी गेले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या नावानं भाकरीचे तुकडे वाटतात त्याआधी, पाळकसाहेब म्हणाले, ज्याच्या मनात कोणाबद्दल राग असेल त्यानं भाकर घेऊ नये. ताट आलं. नवऱ्यानं धड हातानं तुकडा उचलून तोंडात घातला. रूथबाईंनी ताट पुढं सरकवलं. शेजारची बाई कानात म्हणाली, तो गेला तेव्हापासून त्या असंच करतात. माझं टाळकंच फिरलं. पाप केलं त्यानं, जेवला तो, आणि उपाशी कोण, तर ही!

त्याच्या हनुवटीवरचा चुरा रूथबाईंनी पदरानं पुसला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घ्यायचा होता न तुकडा. तुमच्या मनातलं कोणाले कळते?"

"ज्याची भाकर हाये, त्याले कळते." नवऱ्याचा मफलर नीट करत त्या हळूच म्हणाल्या, "माफ करायची ताकद दे म्हणून रोज मागून राहिली मी, सुनंदा. देऊनच नाही राहिला."